घरचे नेट तुटते तेव्हा

"नेट गेले" हे दोन शब्द आपल्या घरात दिवसातून किती वेळा उच्चारले जातात, याची कोणी गणती ठेवील तर तो स्वतःच चकित होईल. मौज अशी की, मराठीत नेट हा शब्द पूर्वीपासून आहेच. नेट म्हणजे जोर, चिकाटी. नेटाने अभ्यास करावा, नेट लावून काम तडीस न्यावे, असे आपण म्हणत आलो. आता त्याच अक्षरांचा जो नवा शब्द घरोघर आला आहे, त्याच्या ठायी नेमका तोच गुण नसावा, हा एक विनोदच म्हणावयाचा!

भाषांतर हा माझा रोजचा व्यवसाय असल्यामुळे शब्दांकडे जरा संशयाने पाहण्याची मला सवय आहे. आणि मला या वाक्यात 'नेट' या शब्दापेक्षा 'गेले' हा शब्द अधिक संशयास्पद वाटतो. वीज गेली म्हणजे सारे घर अंधारते. पाणी गेले म्हणजे नळ कोरडा होतो. परंतु नेट गेले म्हणजे ते गेले कोठून? रस्त्यावरील तारेतून, दाराशी लावलेल्या पेटीतून, मधल्या भिंतींत अडकून, की खुद्द लॅपटॉपच्या पोटातून? चार निरनिराळ्या ठिकाणी चार निरनिराळे बिघाड होतात आणि त्या चारांनाही आपण एकच क्रियापद लावतो. मग ज्याला जे सुचेल ते तो करतो. कोणी राउटर बंद करून पुन्हा सुरू करतो, कोणी कंपनीला दूरध्वनी लावतो, कोणी लॅपटॉपवर चापट मारतो. आणि यांपैकी काहीच उपयोगी पडले नाही म्हणजे घरात जो सर्वांत लहान असेल, त्याच्याकडे बोट दाखविले जाते.

हे शेवटचे वाक्य मी अनुभवाने लिहीत आहे. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी, सोमवारी, दिल्लीची हवा इतकी बिघडली की प्रदूषणाविरुद्धच्या कृतियोजनेचा चौथा, म्हणजे शेवटचा टप्पा लागू करावा लागला. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक साडेचारशेच्या वर गेला, की ती हवा 'अतिगंभीर' श्रेणीपलीकडची समजली जाते. त्या दिवशी तो त्याच्याही पुष्कळ वर होता. शाळा बंद झाल्या आणि वर्ग पडद्यावर भरू लागले. आम्ही यमुनेपलीकडे, पटपडगंजच्या बाजूस, एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. घर दोन शयनखोल्यांचे. हवा शुद्ध करण्याचे यंत्र घरात एकच, आणि ते मागच्या खोलीत. कारण सांगलीहून आलेल्या माझ्या सासूबाईंना दम्याचा विकार आहे, आणि ती खोली तेवढी खिडक्यांच्या फटी बुजवून बंद करता येते. साहजिकच सातवीतल्या चिरंजीवांचा वर्गही आजीच्या पलंगाशेजारी त्याच खोलीत भरू लागला.

पहिल्या दोन दिवसांत तो वर्ग नऊ वेळा तुटला. मंगळवारी दुपारी वर्गशिक्षिकांचा निरोप आला. भाषा सौम्य होती, आशय सौम्य नव्हता. आपला मुलगा प्रश्न विचारण्याची वेळ आली की वर्गातून निघून जातो, तरी पालकांनी लक्ष घालावे. तसे पाहता त्या बाईंचेही चुकले असे मी म्हणणार नाही. पडद्यावर चाळीस चौकोन असताना एक चौकोन वारंवार काळा होत असेल, तर त्यामागे यंत्र आहे की मूल, हे त्यांनी ओळखावे कसे? "नेट गेले" ही सबब आजकाल मुलांनाही ठाऊक आहे. आमच्या यजमानांनी संध्याकाळी त्याला जवळ बसवून, न रागावता, पण दोनदा विचारले, "खरे सांग हं." मुलगा पहिल्यांदा म्हणाला, "बाबा, मी काहीच केलं नाही." दुसऱ्यांदा तो काही बोललाच नाही. रात्री त्याचे दप्तर आवरताना गणिताच्या वहीचे शेवटचे पान माझ्या दृष्टीस पडले. त्यावर पेन्सिलीने वेळा लिहिल्या होत्या. १०.५२, ११.०७, ११.३१, ११.४०. प्रत्येक वेळेपुढे 'गेलं' आणि 'आलं' एवढेच दोन शब्द.

ती वही हाच आमच्या पुढील शोधाचा पाया झाला. मी त्या पानावर आणखी रकाने आखले. वर्ग तुटला तेव्हा राउटरवर कोणते दिवे लागले होते? त्याच क्षणी त्याच खोलीत ठेवलेल्या मोबाइलवर नेट चालू होते काय? घरात दुसरे कोण काय करीत होते? लॅपटॉप कोठे होता, आणि चार्जर लावलेला होता की नव्हता? वाचकांनीही आपल्या घरी प्रथम एवढेच करावे. तीन दिवस नुसती नोंद ठेवावी, मध्ये काही बदलू नये. राउटर बंद-चालू करण्याने बिघाड पुष्कळदा तात्पुरता बरा होतो खरा, पण त्याबरोबर पुरावाही पुसला जातो.

दिव्यांची भाषा सोपी आहे. घरात काचेच्या तंतूची जोडणी असेल तर दाराजवळील पेटीवर 'पॉन' नावाचा हिरवा दिवा स्थिर जळत असतो आणि 'लॉस' नावाचा तांबडा दिवा विझलेला असतो. तांबडा दिवा लुकलुकू लागला म्हणजे बाहेरून येणारा प्रकाशच पेटीपर्यंत पोहोचत नाही. केसाएवढ्या काचेतून प्रकाश येतो; ती तार दाराखाली दबली किंवा कोपऱ्यात फार तीव्र वळली, की प्रकाश बाहेर झिरपतो. वाराणसीच्या घाटांवर २०१५ साली माकडांनी अशा तारा कुरतडल्याचे वृत्त आले होते. दिल्लीत माकडांची वाण नाही, तेव्हा गच्चीवरून तार आणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. बिघाड या टप्प्यात असेल तर घरात करण्यासारखे फारसे काही उरत नाही. तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक अवश्य घ्यावा. कारण २०१२ च्या नियमांनुसार त्याच क्रमांकाच्या आधारे कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. तोंडी "हो, बघतो" याला काही किंमत नाही.

आमच्या वहीत मात्र तांबडा दिवा एकदाही आला नाही.

तरीही रीतीप्रमाणे कंपनीचा मनुष्य गुरुवारी येऊन गेला. तरुण होता, घाईत होता, त्या दिवसांत त्याला किती घरे फिरावी लागत असतील ते त्याचे तोच जाणे. त्याने दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर ठेवलेल्या राउटरपाशी उभे राहून खिशातला मोबाइल काढला, वेग मोजला, आणि आकडा मला दाखविला. ९४ मेगाबिट! "मॅडम, आपका नेट तो एकदम बढिया चल रहा है." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. राउटरपाशी ते खरोखरच उत्तम चालले होते. पण मुलगा चपलांच्या कपाटावर बसून शिकत नव्हता. शिवाय पडद्यावरील वर्गाला वेग लागतोच किती? दोन-चार मेगाबिट पुरतात. २००४ च्या सरकारी धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट एवढ्या वेगाला ब्रॉडबँड म्हटले होते. त्या मानाने आमच्या दाराशी महापूर आला होता. वर्गाला हवी असते अखंडता. महापुराने भरलेली पण मधून मधून तुटलेली नळी आणि बारीक पण अखंड धार, यांत वर्गाच्या कामी धारच येते, आणि वेग मोजणारे यंत्र अखंडतेविषयी फारसे काही सांगत नाही.

अखंडता पाहावयाची तर एक जुने आणि फुकटचे साधन प्रत्येक लॅपटॉपमध्ये असते. त्याचे नाव पिंग. माइक म्युस नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८३ च्या डिसेंबरात ते तयार केले, आणि पाण्याखाली ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून वस्तूचा ठाव घेतात त्या ध्वनीवरून त्याला नाव दिले. आपण हाक मारावयाची आणि समोरून 'ओ' आली की नाही ते मोजावयाचे, एवढाच त्याचा खटाटोप. विंडोजच्या लॅपटॉपवर 'कमांड प्रॉम्प्ट' नावाची काळी खिडकी उघडावी. तीत रोमन लिपीत पिंग हा शब्द लिहावा, जागा सोडून पत्ता लिहावा, पुन्हा जागा सोडून आडवी रेघ व तिला जोडून टी हे अक्षर लिहावे. म्हणजे आपण थांबवीपर्यंत हाका चालू राहतात. कंट्रोल व सी या कळा एकदम दाबल्या की ते थांबते आणि किती हाका गेल्या, किती वाया गेल्या, याचा हिशेब देते. अशा दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडाव्यात. एकीत आपल्या राउटरचाच पत्ता द्यावा. तो पुष्कळदा १९२.१६८.१.१ असा असतो आणि राउटरच्या पाठीवरील चिठ्ठीत सापडतो. दुसरीत बाहेरचा पत्ता द्यावा, गूगलचा ८.८.८.८ हा लक्षात ठेवावयास सोपा आहे. अंक अर्थात इंग्रजीच.

आता दोन्ही खिडक्यांकडे पाहत राहावे. राउटरकडून 'ओ' नियमित येत आहे आणि बाहेरून येत नाही, असे दिसले तर दोष दाराबाहेरचा. राउटरचीच 'ओ' चुकू लागली तर दोष घरातला. मग कंपनीशी वाद घालण्यात अर्थ नाही. शुक्रवारी सकाळी वर्ग चालू असता मी या दोन खिडक्या पडद्याच्या कोपऱ्यात ठेवून दिल्या. सव्वाअकराच्या सुमारास वर्ग तुटला, आणि राउटरकडून येणारी उत्तरे त्याच क्षणी बंद पडली. माझ्या मोबाइलवर मात्र, त्याच पलंगावर, नेट चालू होते. सासूबाई हे सारे कौतुकाने पाहत होत्या. "अगं, एवढा धूर भरलाय बाहेर, त्यात त्या लहरी तरी कशा येणार?" त्या म्हणाल्या.

सासूबाईंची ही शंका सोसायटीतील अनेकांची होती. उद्वाहनात भेटणारे शेजारीही धुराला आणि धुक्यालाच दोष देत. त्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. घरातील बिनतारी जोडणी मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालते. एक २.४ गिगाहर्ट्झचा, दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. पहिल्याची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब असते. दिल्लीच्या हवेतील ज्या सूक्ष्म कणांनी आपल्या फुप्फुसांची दैना उडते ते अडीच मायक्रॉनांचे किंवा त्याहून लहान, म्हणजे लहरीच्या पन्नास हजारांश. एवढ्या मोठ्या लहरीला एवढ्या लहान कणाची दखलही घ्यावी लागत नाही. घरातल्या दहा-पंधरा मीटरांत तिच्या बळावर धुराचा किंवा धुक्याचा मोजण्याइतका परिणाम होत नाही. शुद्धियंत्राविषयीही संशय होता, म्हणून ते दहा मिनिटे बंद आणि दहा मिनिटे चालू ठेवून आम्ही हाका मोजल्या. काडीचाही फरक पडला नाही.

लहरींना अडविणारे पदार्थ निराळेच असतात. भिंती त्यांना पारखी नाहीत. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात भरसभेत बिनतारी लहरी भिंतींपार पाठवून दूरची घंटा वाजवून दाखविली होती आणि दारूचा बार उडविला होता. पण पार जाणे निराळे, आणि पार गेल्यावर अंगात बळ उरणे निराळे. आमच्या काळच्या पातळ भिंतींपेक्षा जुन्या सोसायट्यांच्या नऊ इंची विटांच्या भिंती अधिक बळ खातात. लोखंडी कपाट व आरसा लहरींना परतवून लावतात. पाणी त्या पिऊन टाकते. म्हणून फिशटँकमागे राउटर ठेवू नये. आमच्या घरी दाराजवळच्या राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत सरळ रेघ काढली, तर ती स्वयंपाकघरातील फ्रीजमधून आणि न्हाणीघराच्या फरशा लावलेल्या, नळ्यांनी भरलेल्या भिंतीतून जाते. राउटर तेथे ठेवला गेला त्याला कारण एवढेच, की तार बसविणाऱ्याला दाराजवळ भोक पाडणे सोपे पडले. तुमच्याही घरी बहुधा असेच झाले असेल.

हे बळ मोजता येते. मोबाइलवर त्यासाठी विनामूल्य साधने मिळतात. आकडा ऋण असतो, म्हणून तो जितका लहान दिसेल तितके बळ अधिक. पन्नासच्या आसपास असेल तर उत्तम. पासष्टपर्यंत पडद्यावरील वर्ग निर्वेध चालतो. पंचाहत्तरच्या पुढे खरी कुतरओढ सुरू होते. आणि दर दहा अंकांना बळ दहापटीने घटते. आमच्या दाराशी ४२ भरले, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ६१, आणि मागच्या खोलीत पलंगाशी ७८. दारापासून पलंगापर्यंत येता येता बळाचा सुमारे चार हजारावा भागच काय तो उरत होता.

या खोलीत आणखी एक गोष्ट दिसली. लॅपटॉपने शेजारच्या राउटरांची यादी दिली, तीत तेवीस नावे होती. एका गृहस्थाने तर आपल्या जोडणीचे नाव 'अपना लगवाओ' असे ठेवले आहे. मागण्याची सोयच ठेवली नाही! २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून आपल्या देशात परवान्यावाचून वापरता येतो, म्हणून तेथे इतकी दाटी. त्यात तेरा मार्ग कागदोपत्री आहेत, पण ते एकमेकांवर इतके चढलेले असतात की १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांना न खेटता चालतात. दुपारी जेवण गरम करावयाच्या मायक्रोवेव्हची लहरही नेमकी याच पट्ट्यातली. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी कमी, २०१८ मध्ये त्यात आणखी जागा मोकळी करून देण्यात आली; पण ती लहर भिंतींपुढे लवकर थकते. दोन्ही पट्ट्यांना राउटर एकच नाव देत असेल तर सीमेवर बसलेला लॅपटॉप याकडून त्याच्याकडे आणि त्याच्याकडून याच्याकडे असा हेलकावत राहतो, आणि प्रत्येक हेलकाव्याला वर्ग क्षणभर गोठतो. दोन पट्ट्यांना दोन नावे द्यावीत आणि लांबच्या खोलीसाठी कोणते हे एकदाच ठरवून टाकावे.

परंतु या सगळ्याने एका प्रश्नाचे उत्तर मिळत नव्हते. मोबाइललाही तेच ७८ बळ मिळत होते. मग तो का तुटत नव्हता? शिवाय वहीत एक चमत्कारिक क्रम होता. सकाळचे पहिले दोन तास जवळजवळ निर्दोष जात. तुटणे सुरू होई ते मधल्या सुट्टीनंतर. मुलाने लिहिलेल्या त्या पहिल्या चारही वेळा पुन्हा पाहाव्यात. दहा बावन्नच्या आधीची एकही नाही. मधल्या सुट्टीत त्या खोलीत काय घडते? उत्तर चार्जरच्या रकान्यात होते. त्या खोलीत विजेचे दोनच खटके. एकावर शुद्धियंत्र चोवीस तास चालते. दुसऱ्यावर सकाळी लॅपटॉप असतो. आणि साडेदहाला सासूबाईंची वाफेची औषधयोजना सुरू होते, तेव्हा मुलगा आपण होऊन चार्जर काढतो आणि आजीचे यंत्र लावतो. नंतर पुन्हा खटका बदलावा लागू नये म्हणून तो उरलेला वर्ग बॅटरीवरच बसतो. त्याला हे कोणी सांगितले नव्हते.

शनिवारी आम्ही दोघांनी रीतसर परीक्षा घेतली. शंभर हाका मागच्या खोलीत चार्जर लावून. वाया गेल्या तीन. शंभर हाका त्याच जागी चार्जर काढून. वाया गेल्या एकतीस. मग लॅपटॉप बाहेरच्या खोलीत आणून चार्जरवाचून शंभर हाका. एकही वाया गेली नाही. म्हणजे नुसत्या दुर्बळ लहरींनी वर्ग तुटत नव्हता, नुसत्या बॅटरीनेही तुटत नव्हता. दोन्ही एकत्र आले की तुटत होता. कंपनीच्या माणसाने दाराशी उभे राहून हे कधीच पाहिले नसते, आणि लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात नेला असता तर तेथेही तो साळसूदपणे चालला असता.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. राउटर दर सेकंदाला सुमारे दहा वेळा आपल्या अस्तित्वाची दवंडी पिटत असतो. चार्जर काढला की कित्येक लॅपटॉप काटकसर म्हणून आपल्या बिनतारी कार्डाला दोन दवंड्यांच्या मध्ये झोपवितात. ते दवंडीपुरते जागे होते, आपल्यासाठी काही निरोप आहे का पाहते, आणि पुन्हा डोळे मिटते. दवंडी खणखणीत असेल तर यात काही बिघडत नाही. पण ती नऊ इंची भिंतीतून कशीबशी येत असेल, तर अर्धवट झोपेतल्या कार्डाला ती ऐकूच येत नाही. काही दवंड्या चुकल्या की ते राउटर हरवला असे समजून जोडणी सोडून देते. मोबाइलचे कार्ड निराळ्या रीतीने बांधलेले होते, म्हणून ते टिकून राहिले.

उपाय दोन केले. पहिल्याला पाच मिनिटे लागली आणि पैसा लागला नाही. 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून 'नेटवर्क अडॅप्टर्स' या शीर्षकाखाली बिनतारी कार्डाचे नाव शोधावे, त्याच्या गुणधर्मांत 'पॉवर मॅनेजमेंट' हे पान असल्यास वीज वाचविण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची जी मुभा संगणकाला दिलेली असते, तिच्यापुढची खूण काढून टाकावी. काही लॅपटॉपांत हे पान नसते; तेथे विजेच्या योजनेत बिनतारी कार्डासाठी 'मॅक्सिमम परफॉर्मन्स' निवडावे लागते. त्याच बैठकीत कार्डाचा ड्रायव्हर लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ताजा करून घ्यावा. बॅटरी थोडी लवकर उतरते, एवढाच तोटा.

दुसरा उपाय राउटर हलविण्याचा. आमच्याकडे काचेच्या तंतूची पेटी आणि राउटर ही दोन वेगळी उपकरणे आहेत आणि त्यांना जोडणारी तार हातभर होती. दोन-तीनशे रुपयांत बारा मीटरची तार आणून, ती दाराच्या चौकटीवरून नेऊन यजमानांनी राउटर मधल्या बोळात उंचावर टांगला. मागच्या खोलीतला आकडा ७८ वरून ५८ वर आला; बळ शंभरपट झाले. दुकानदार या जागी लहरी पुढे ढकलणारे एक्स्टेंडर नावाचे यंत्र खपवू पाहतो. ते वाईट नाही, पण लोक ते जेथे नेट येत नाही त्याच खोलीत लावतात, आणि मग जे आलेच नाही ते पुढे ढकलावे तरी काय? ते निम्म्या वाटेवर लावावयाचे असते. ज्याला शक्य असेल त्याने लॅपटॉपलाच तार जोडावी. तारेइतके विश्वासू अजून काही निघालेले नाही.

रविवारी पुन्हा शंभर हाका. मागची खोली, चार्जर नाही. वाया गेली एकही नाही. सोमवारी वर्ग सुरू झाला तो संपेपर्यंत वहीत काही लिहावे लागले नाही. दुपारी मुलाने पान रिकामे आहे हे मला स्वयंपाकघरात येऊन दाखविले, आणि मग स्वतःच विचारले, "आई, हे बाईंना पाठवशील?"

मी वहीच्या सर्व पानांची छायाचित्रे वर्गशिक्षिकांना पाठविली. सोबत पत्र लिहिले ते लहानसेच. समर्थन करावयास आकडे पुरेसे होते. त्यांचे उत्तर संध्याकाळी आले. शेरा मागे घेतला आहे असे त्यांनी लिहिले, आणि पुढे एक विनंती केली. वर्गात आणखी चार मुलांच्या नावापुढे तोच शेरा आहे. ही वही कशी ठेवावी ते त्यांच्या पालकांना मी समजावून सांगेन काय?

त्या चार घरांशी मी दूरध्वनीवरून बोलले. दोघांकडे चार्जरची सवय आणि लांबची खोली हीच जोडी निघाली. एकाकडे तांबडा दिवा सापडला. बाहेरची तार गच्चीच्या दारात चेंगरली होती आणि ती बदलावी लागली. चौथ्या घरी आईशी बोलणे झाले. त्यांच्याकडे लॅपटॉप नव्हता, राउटर नव्हता. मोबाइल एकच, आणि तो वडील सकाळी कामावर घेऊन जात. जेवणाच्या सुट्टीत ते घरी आले तर मुलाला तासभर मिळे. त्या घरात बिघडलेले असे काहीच नव्हते. मी तसे बाईंना कळविले. पुढच्या आठवड्यात शाळेत येण्याचा आणि घरून शिकण्याचा असे दोन्ही मार्ग खुले झाले, तेव्हा तोंडाला मुखपट्टी बांधून पहिल्याच दिवशी वर्गात येऊन बसलेल्या मुलांत तो होता, असे माझ्या मुलाने मला सांगितले.